हळद, मिरे आणि पेशीची वेस

माघ-फाल्गुनाच्या सुमारास वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी या बाजूने जाणाऱ्या वाटसरूस आपल्या जिल्ह्याची ओळख सांगावी लागत नाही. ठिकठिकाणी हळद शिजविण्याची लगबग सुरू असते आणि तो वाफेचा उग्र, परंतु प्रसन्न गंध दूरवर येत राहतो. हिंगोली आणि वसमत येथील हळदीच्या बाजारपेठा सर्वश्रुत आहेत. 2024 मध्ये वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. हरिद्रा हे द्रव्य आपणा वैद्यांस व औषधी विक्रेत्यांस इतके परिचित आहे, की तिच्याविषयी आणखी काही जाणून घ्यावे असे आपणांस सहसा वाटत नाही. आम्हांसही वाटत नव्हते. ते वाटावयास लावणारा एक प्रसंग आमच्या चिकित्सालयात घडला. तो पुढे सांगणारच आहोत. परंतु तो नीट समजण्यासाठी प्रथम हळदीच्या कढईत काय घडते ते पाहू.

ओला कंद कापून भिंगाखाली पाहिला तर रंग सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. रंगद्रव्य व तैल काही विशिष्ट पेशींतून साठविलेले असते. तो कंद तसाच वाळविला तर वाळण्यास फार दिवस लागतात व रंगही एकसारखा उतरत नाही. म्हणून शेतकरी हळद शिजवितो. उष्णतेने पेशींची आवरणे निकामी होतात, आतील पिष्ट फुगून चिकट होते, कोंडलेला रंग सर्व कंदभर पसरतो आणि पाणी लवकर निघून जाते. जिवंत पेशी आणि शिजलेली पेशी यांतील मुख्य भेद हाच की, जिवंत पेशीस एक वेस असते. कोणास आत घ्यावे, कोणास बाहेर धाडावे आणि कोणाचा केवळ निरोप घेऊन त्यास बाहेरूनच परत लावावे, याचा निर्णय त्या वेशीवर होतो. ती वेस मोडली की सर्वत्र एकच रंग होतो. पण जीवन संपते.

वेशीची रचना

आधुनिक शास्त्र या वेशीस प्रद्रव्यपटल म्हणते. तिची जाडी अवघी 5 ते 10 दशलक्षांश मिलीमीटर. गोर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी 1925 मध्ये रक्तपेशींवरील प्रयोगावरून असे अनुमान काढले, की हे पटल मेदद्रव्याच्या दुहेरी थराचे बनलेले असावे. पुढे 1972 मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी त्यात प्रथिनांची भर घालून आज मान्य असलेले चित्र मांडले: मेदाचा प्रवाही थर आणि त्यात तरंगणारी प्रथिने. मेद ही भिंत, तर प्रथिने ही दारे, नळ्या, पंप आणि निरोप्ये.

या भिंतीतून प्राणवायूसारखे लहान व मेदात विरघळणारे पदार्थ आपोआप विसरण पावतात. पाण्यासाठी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र नळ्या असतात. त्या नळ्यांचा शोध पीटर अ‍ॅग्रे यांनी लावला व त्यासाठी त्यांस 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारख्या विद्युतभारित कणांना मेदातून मार्ग नाही. त्यांस ठरावीक दारेच हवीत. काही वाहतूक तर उताराच्या विरुद्ध, शक्ती खर्चून करावी लागते. 1957 मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी दाखवून दिलेला सोडियम-पोटॅशियम पंप हे त्याचे ठळक उदाहरण होय. हा पंप प्रत्येक फेरीत सोडियमचे 3 कण बाहेर टाकतो व पोटॅशियमचे 2 कण आत घेतो. नाडीतंतूंचा निरोप, हृदयाचे आकुंचन आणि आतड्यातील शोषण ही सर्व या अखंड चालणाऱ्या रहाटावर अवलंबून आहेत.

निरोप आणि निरोप्ये

पेशींचे परस्परांशी बोलणे या वेशीवरच चालते. बहुतेक संप्रेरके पेशीच्या आत शिरत नाहीत. ती बाहेरील ग्राही प्रथिनाला भेटतात आणि निरोप मात्र आत पोहोचतो. इन्सुलिन स्नायूच्या पेशीस निरोप देते, तेव्हा पेशीच्या आत दडवून ठेवलेली ग्लुकोजची दारे पटलावर आणून बसविली जातात. मधुमेहाच्या अनेक रुग्णांत साखर रक्तात विपुल असूनही पेशी उपाशी राहते, याचे कारण निरोप पोहोचत नाही हे होय.

आपल्या नित्याच्या विषयातील आणखी एक उदाहरण पाहू. मधुर, अम्ल, लवण व तिक्त यांच्या पंक्तीस आपण कटु रस बसवितो. आधुनिक शरीरक्रियाशास्त्र मात्र तिखटपणास जिभेवरील रुचिकलिकांची चव मानीत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन आणि मिऱ्यातील पायपरीन ही द्रव्ये नाडीतंतूंच्या टोकावरील एक दार उघडतात. हे दार खरे तर दाहक उष्णतेची वर्दी देण्यासाठी असते. ते उघडताच कॅल्शियम आत येते आणि मेंदूकडे ‘भाजले’ असा निरोप जातो. या दाराचा शोध डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केला व 2021 च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. तिखटास आपण उष्णवीर्य म्हणतो आणि ही दोन्ही द्रव्ये उष्णतेच्याच दारावर टकटक करतात, हे साम्य विचार करण्याजोगे आहे.

लाजमंडाचे मर्म

निरोप बिघडला तर काय होते, हे विषूचिका रोगात दिसते. 1959 मध्ये कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की, विषूचिकेचे जंतू आतड्यात विष सोडतात व ते विषच अतिसारास कारण होते. हे विष आतड्याच्या पेशीतील निरोप्या प्रथिनास ‘चालू’ या अवस्थेत अडकवून ठेवते. निरोप थांबतच नाही. क्षाराची दारे उघडी राहतात आणि क्षारामागोमाग पाणी वाहून जाते.

परंतु त्याच पेशीवरील एक दार शाबूत राहते. सोडियम व ग्लुकोज यांस जोडीने आत घेणारे ते दार होय. रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये त्याची कल्पना मांडली. नुसते मीठ दिले तर ते पुरेसे शिरत नाही. सोबत साखर दिली की दोन्ही शिरतात व पाणी त्यांच्यामागून येते. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देण्याचे धाडस केले. सुमारे 30 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आले. त्यांस 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. अतिसारात सैंधवयुक्त लाजमंड वा पेया देणाऱ्या आपल्या परंपरेस हे दार ठाऊक होते असे आम्ही म्हणणार नाही. तांदळाच्या पिष्टापासून आतड्यात ग्लुकोज होते आणि सैंधवातून सोडियम मिळते, एवढे मात्र निश्चित. अनुभवाने सापडलेली वाट योग्य दाराशी जाऊन पोहोचली होती.

आपल्या कपाटातील विषद्रव्ये

औषधनिर्माण करणाऱ्या बंधूंनी एक गोष्ट अवश्य ध्यानी घ्यावी. आपल्या शास्त्रातील कित्येक विष-उपविषांचे कार्य पेशीच्या वेशीवरच घडते. वत्सनाभातील अ‍ॅकोनिटीन सोडियमची दारे उघडीच ठेवते; त्यामुळे मुखात बधिरता येते व हृदयाची लय बिघडते. कण्हेरीतील द्रव्य सोडियम-पोटॅशियम पंपच बंद पाडते. कुचल्यातील स्ट्रिक्नीन नाडीसंस्थेतील ‘थांबा’ हा निरोप पोहोचू देत नाही, म्हणून आक्षेपक येतात. वत्सनाभ गोमूत्रात वा दुधात शिजविला म्हणजे अ‍ॅकोनिटीनचे विघटन होऊन तुलनेने सौम्य द्रव्ये उरतात. शोधन हा निव्वळ विधी नसून ती एक रासायनिक क्रिया आहे. ती अर्धवट करणारा औषधाचा दर्जा तर घालवितोच, शिवाय रुग्णाच्या हृदयाशी खेळतो.

येथे एक सावधगिरीचा शब्द. चरकाचार्यांनी विमानस्थानात स्रोतसांचा स्वतंत्र अध्याय दिला आहे. शारीरस्थानात शरीराचे अवयव परमाणुभेदाने असंख्य, अतिसूक्ष्म व इंद्रियांस अगोचर आहेत असेही म्हटले आहे. हे वाचून काही विद्वान ‘स्रोतस म्हणजेच पेशीपटलातील नळी’ असे समीकरण मांडून मोकळे होतात. आम्हांस हे मान्य नाही. स्रोतस ही वहनाची व परिणमनाची व्यापक संकल्पना आहे. तिला एका प्रथिनाच्या मापात बसविणे हा चरकांवरही अन्याय आणि विज्ञानावरही. दोहोंची भाषा स्वतंत्र ठेवून एकास दुसऱ्याच्या प्रकाशात वाचावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हळद आत कशी शिरते?

आता मूळ विषयाकडे येऊ. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मेदात विरघळते. म्हणूनच दूध-तुपासह हरिद्रा देण्याची आपली पद्धत सयुक्तिक ठरते. मेदात विरघळणारे द्रव्य पटलातून सहज जावे, मग अडचण कोठे आहे? अडचण वेशीच्या आत आहे. आतड्याच्या व यकृताच्या पेशीतील विकरे कर्क्युमिनला तत्काळ दुसऱ्या द्रव्याशी जोडून पाण्यात विरघळणारे करतात आणि पटलावरील पंप त्यास बाहेर फेकतात. परकी द्रव्ये बाहेर टाकणाऱ्या अशा पंपांपैकी एक, पी-ग्लायकोप्रोटीन, 1976 मध्ये ज्युलियानो व लिंग यांनी ओळखला. वेशीतून आलेला पाहुणा ओसरीवरूनच परत पाठविला जावा, तशी ही गत आहे.

येथे मिरे उपयोगी पडते. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिकटूच्या योगवाही गुणाचा शोध घेऊन 1981 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिप्पलीसह दिल्याने अडुळशातील व्हॅसिसीनचे रक्तातील प्रमाण दुपटीहून अधिक वाढल्याचे त्यांस आढळले. 1998 मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी व्यक्तींस 2 ग्रॅम कर्क्युमिन दिले असता ते रक्तात जवळजवळ सापडलेच नाही; सोबत 20 मिलिग्रॅम पायपरीन देताच जैवउपलब्धता 2000 टक्के वाढली. पायपरीन ती विकरे व ते पंप काही काळ रोखते. म्हणजे मिरे पाहुण्यास हात देत नाही, तर द्वारपालास बाजूस सारते.

येथेच सारे मर्म आहे. द्वारपाल बाजूस सारला की केवळ हळद आत येत नाही. जम्मूच्या संशोधकांनीच पुढे दाखविले की, पायपरीनमुळे फेनिटोइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफिलिन यांचेही रक्तातील प्रमाण वाढते. याच गुणाचा सदुपयोग करून क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनची मात्रा 450 वरून 200 मिलिग्रॅमवर आणणारा योगही भारतात तयार झाला. जे हेतुपूर्वक केले असता उपकारक, तेच नकळत घडले असता अपकारक होऊ शकते.

आमची चूक

दोन वर्षांपूर्वी वसमत तालुक्यातील एक साठीचे शेतकरी आमच्याकडे आले. गुडघेदुखीसाठी मुलाने शहरातून गोळ्यांची बाटली पाठविली होती. “डाक्टरसाहेब, हळदीच्याच हायेत. घरी पोत्यानं हळद अन् पोरानं इकत धाडली. घेऊ का?” आम्ही बाटलीकडे ओझरते पाहिले व हसून म्हणालो, “घ्या काका, हळदच तर आहे.”

सात आठवड्यांनी ते परत आले ते पिवळ्या डोळ्यांनी. अन्नावर वासना नाही, मूत्र गडद, अंगास कंडू. रक्तात बिलिरुबिन व यकृताची विकरे अनेक पटींनी वाढलेली होती. मद्याचे व्यसन नव्हते. विषाणूजन्य काविळीच्या तपासण्या निर्दोष आल्या. सोनोग्राफीत पित्तमार्गात अडथळा दिसला नाही. तेव्हा कोठे आम्ही ती बाटली हातात घेऊन शांतपणे वाचली. प्रत्येक गोळीत 500 मिलिग्रॅम अर्क, 95 टक्के कर्क्युमिन वर्गीय द्रव्ये, सोबत पायपरीन. दिवसास दोन गोळ्या.

साधा हिशेब करू. उत्तम हळदीत ही द्रव्ये सुमारे 4 टक्के धरली, तर एका गोळीत सुमारे 12 ग्रॅम हळदीचे सार आले. दोन गोळ्यांत 24 ग्रॅमचे. हरिद्रा चूर्णाची आयुर्वेदीय औषधिकोशातील मात्रा आहे 1 ते 3 ग्रॅम. त्यावर द्वारपाल बाजूस सारलेला. आम्ही ज्यास “हळदच तर आहे” म्हटले, ती हळद नव्हतीच.

गोळ्या बंद केल्या, रुग्णास मोठ्या रुग्णालयातील यकृततज्ज्ञांकडे पाठविले, आणि सुमारे अडीच महिन्यांनी तपासण्या पूर्ववत झाल्या. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही हे आम्ही जाणतो. परंतु 2022 मध्ये अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या संशोधनजालाने हळदीच्या उत्पादनांशी संबंधित अशा 10 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील 5 जणांस रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू झाला. तपासलेल्या 7 उत्पादनांपैकी तिहींत पायपरीन आढळले आणि 10 पैकी 7 रुग्णांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली. म्हणजे हा धोका सर्वांस सारखा नाही. तो विरळा आहे, परंतु खरा आहे. कामलेच्या चिकित्सेत ज्या हरिद्रेचे नाव आपण आदराने घेतो, तिच्या अर्काने कामला व्हावी, हे आम्हांस बरेच दिवस झोपू देईना.

व्यवसायबंधूंस विनंती

या अनुभवावरून आम्ही आमच्या चिकित्सालयात काही नियम केले आहेत. ते येथे नम्रपणे मांडतो.

1. चूर्ण, क्वाथ व अर्क यांस एक समजू नये. लेबलवर ‘हळद’ नव्हे, तर अर्काचे प्रमाण व टक्केवारी वाचावी.

2. पायपरीन वा त्रिकटूयुक्त औषध देण्यापूर्वी रुग्ण कोणती आधुनिक औषधे घेतो ते विचारावे. अपस्माराचे फेनिटोइन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन, हृदयाचे डिगॉक्सिन, दम्याचे थिओफिलिन, तसेच अवयवरोपणानंतरची औषधे यांबाबत विशेष दक्षता घ्यावी. भाजीतील चिमूटभर मिऱ्याची गोष्ट निराळी. रोजच्या मोजून दिलेल्या मात्रेची निराळी.

3. असा अर्क घेणाऱ्यास पहिल्याच दिवशी सांगावे: भूक मेली, मूत्र गडद झाले, डोळे पिवळे दिसले, तर औषध थांबवून लगेच दाखवा. पूर्वी यकृतविकार झालेल्यांस ते देऊच नये.

4. दुकानदार बंधूंनी अशी बाटली गल्ल्यावर ‘निरुपद्रवी’ म्हणून विकू नये. चार प्रश्न विचारण्यास दोन मिनिटे लागतात.

5. शंका आल्यास आयुष औषधी सतर्कता कार्यक्रमात नोंद करावी. हा कार्यक्रम त्यासाठीच आहे. नोंद केल्याने आयुर्वेदाची बदनामी होत नाही, लपविल्याने होते.

उपसंहार

1995 मध्ये अमेरिकेत हळदीच्या व्रणरोपण गुणावर पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. आपल्या ग्रंथांचे व जुन्या लेखांचे पुरावे सादर झाले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द ठरले. त्या दिवशी आपण सर्वांनी अभिमानाने सांगितले की, हळद आमची आहे. जी वस्तू आपली म्हणून सांगितली, तिच्या गुणांबरोबर तिच्या दोषांची जबाबदारीही आपलीच ठरते.

ते काका आता पूर्ण बरे आहेत. गतवर्षी हंगामात ते स्वतःच्या शेतातील हळकुंडांची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, “ही घरची हाय, डाक्टरसाहेब. ही तरी चालंल ना?” आम्ही पिशवी घेतली आणि या वेळी उत्तर देण्यापूर्वी किती, कशासोबत आणि किती दिवस, हे तिन्ही प्रश्न विचारले. भाजीत पूर्वीसारखी चिमूटभर, एवढेच त्यांस सांगितले. औषध म्हणून हळद त्यांनी पुन्हा घेऊ नये.